स्वस्त पत्र्याची टूल चेस्ट घरच्या घरी मजबूत करताना

दुकानात ठेवलेली पाच खणांची लाल टूल चेस्ट छान दिसते. खण ओढून बघावा तर सुळकन बाहेर येतो, कारण आत काहीच नसतं. तीच पेटी घरी आणून पाने, हातोड्या, ग्राइंडर, ड्रिल मशीन भरलं की चार-सहा महिन्यांत सगळ्यात खालच्या खणाला झोळ येतो, मधला खण तिरका होऊन अडकतो आणि चाकांच्या वरचा पत्रा आत दबायला लागतो. यात फसवणूक काही नाही. त्या किमतीत पातळच पत्रा मिळतो, बहुतेक वेळा २२ किंवा २४ गेजचा, म्हणजे साधारण ०.७ ते ०.५५ मिलिमीटर. एवढा पत्रा आकार धरून ठेवतो, धूळ अडवतो, कुलूप सांभाळतो. वजन उचलणं मात्र त्याचं काम नाही.

या लेखातल्या सगळ्या कामामागे हाच एक विचार आहे: जिथे जिथे वजन येतं, तिथे तिथे पत्र्याच्या पाठीशी प्लाय द्यायचा. चाकांच्या वर प्लाय, खणाच्या तळाला प्लाय, खण ज्यावर सरकतो त्या चॅनलच्या मागे प्लाय. एवढं नीट केलं तर साध्या पेटीतही महागड्या कॅबिनेटइतकं सामान सुखाने राहतं. माझ्या पेटीला साडेआठ हजार पडले, वरचं सगळं साहित्य साडेचार हजारांच्या आत बसलं. तीन रविवार लागले. सुतारकाम कधीच केलं नसेल तर पाच धरा.

पेटी निवडताना

अजून विकत घेतली नसेल तर दुकानात तीन गोष्टी बघा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे हार्डवेअरची दुकानं ओळीने आहेत, त्यामुळे चार पेट्या बघून मग ठरवता येतं.

पहिली गोष्ट, पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक २-३ मिमीपर्यंत असेल तर चालेल, त्याहून जास्त असेल तर ती पेटी वाहतुकीत पिळली आहे. दुसरी, सगळ्यात खालचा खण पूर्ण काढून त्याच्या वळलेल्या कडा बघा. कडा दुहेरी दुमडलेली असेल तर उत्तम. एकेरी असेल तर ती हाताला लागते आणि वजनाने वाकतेही. तिसरी, खणाची बाजू आणि पेटीची बाजू यांच्यात किती फट आहे ते पट्टीने मोजून लिहून आणा. ही फट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

रंगावर ओरखडे आहेत म्हणून कोणी शे-दोनशे कमी करत असेल तर आनंदाने घ्या. रंग आपण देणारच आहोत.

साहित्य

प्लायसाठी अख्खी आठ बाय चारची शीट लागत नाही. प्लायच्या दुकानात कटपीस मिळतात, माप दिलं तर कापूनही देतात. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या, ज्याच्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं तो. साधा एमआर, म्हणजे थोडीफार ओल सोसणारा प्लाय कोरड्या खोलीत चालतो, पण बाल्कनीत किंवा पार्किंगच्या गाळ्यात पावसाळ्यानंतर त्याचे थर सुटतात.

- १८ मिमी प्लाय: तळाच्या फळीचे दोन तुकडे आणि वरच्या फळीचा एक
- १२ मिमी प्लाय: बाजूच्या अस्तरासाठी आणि एका नवीन खणासाठी
- ६ मिमी प्लाय: खणांच्या तळांसाठी आणि आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांसाठी
- ७५ मिमी व्यासाची पीयू (पॉलियुरेथेनची) चाकं चार: दोन सरळ, दोन फिरती आणि ब्रेकवाली
- एम८ चे (८ मिमी जाडीचे) ४० मिमी बोल्ट, टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे काटेरी नट), एम६ चे ६५ मिमी बोल्ट, मोठे वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज सैल न होणारे)
- टेलिस्कोपिक चॅनलची एक किंवा दोन जोड्या
- ३.२ मिमी पॉप रिव्हेट आणि रिव्हेट गन
- फेविकॉल, रबर बेस सोल्यूशन, मेटल प्रायमर, ऑइल पेंट

हत्यारांत ड्रिल मशीन, ३.३, ६.५ आणि ९ मिमीची बिटं, सेंटर पंच, गुण्या, कानस, हातकरवत आणि पॉलिश पेपर लागेल. टी-नटाच्या भोकाचं माप टी-नट घेताना विचारून घ्या, ते बनावटीप्रमाणे थोडं बदलतं. चष्मा लावल्याशिवाय पत्र्याला भोक पाडू नका. ड्रिल करताना हातात सैल मोजेही नकोत, बिट ते ओढून घेतं.

आधी वजन करा

हे काम बहुतेक जण टाळतात. जुन्या चादरीवर घरातली सगळी हत्यारं पसरा आणि साधारण कुठल्या खणात काय जाईल असे ढीग करा. मग प्रत्येक ढीग पिशवीत घालून प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला लावा. माझ्याकडे मोजमापाची हत्यारं जेमतेम दोन किलो भरली. पाने आणि गॅरेजवाले ज्याला गोटी म्हणतात ते सॉकेट मिळून चौदा किलो झाले, आणि ग्राइंडर, ड्रिल, हातोड्या आणि पाइप पाना मिळून वीस किलोच्या वर गेले.

आकडे हातात आले की कुठल्या खणावर पैसे घालायचे ते आपोआप कळतं. पाचही खणांना महाग चॅनल लावायची गरज नसते. वरचे दोन खण आहेत तसे चालतात, खालच्या दोनांवर खरी मेहनत घ्यायची.

तळाची फळी आणि चाकं

स्वस्त पेटीत चाकं थेट तळाच्या पत्र्याला चार छोट्या बोल्टनी लावायची सोय दिलेली असते. ती वापरू नका. चाक फरशीच्या सांध्याला अडलं की सगळा धक्का त्या चार भोकांवर येतो आणि पत्रा फाटतो.

१८ मिमीचे दोन तुकडे कापून घ्या. रुंदी पेटीइतकीच, खोली मात्र ६० मिमी जास्त. ही वाढ पुढच्या बाजूला ठेवायची आहे. का, ते सांगतो, कारण हा धडा मला पेटी अंगावर येऊन मिळाला. पेटी भरून झाली होती, खालचे दोन खण एकदम उघडे ठेवून मी पाना शोधत होतो आणि अख्खी पेटी पुढे कलंडली. पाय मागे घेतला म्हणून वाचलो.

हिशेब सोपा आहे. समजा पेटी ४५० मिमी खोल आहे. उघडे दोन खण सोडून बाकी सगळ्याचं वजन ६० किलो, त्याचा मध्य पुढच्या कडेपासून २२५ मिमी आत. फिरतं चाक मागे वळलेलं असताना त्याचा जमिनीला टेकणारा भाग कडेपासून सहज ७५ मिमी आत जातो. म्हणजे पेटीला मागे धरून ठेवणारा जोर ६० गुणिले १५०, म्हणजे ९,०००. आता वीस-वीस किलोचे दोन खण उघडे, त्यांचा मध्य कडेच्या २०० मिमी पुढे, म्हणजे चाकापासून २७५ मिमी पुढे. पुढे ओढणारा जोर ४० गुणिले २७५, म्हणजे ११,०००. पेटी पडणारच. फळी ६० मिमी पुढे काढून चाकं तिच्या कडेला लावली की चाक पेटीच्या कडेपासून फक्त १५ मिमी आत राहतं. मग मागचा जोर १२,६०० आणि पुढचा ८,६००. तीच पेटी, तेच सामान, आणि आता ती उभी राहते.

दोन्ही तुकड्यांच्या मध्ये फेविकॉल पसरून लावा, ३० मिमीचे स्क्रू दीड-दीडशे मिलिमीटरवर मारा आणि वर जड काहीतरी ठेवून रात्रभर वाळू द्या. पुढचे दोन कोपरे कानशीने गोल करा, पायाला लागतात. प्लायच्या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरतं, वरून नाही.

चाकांच्या प्लेटची भोकं फळीवर उतरवून घ्या, भोकं पाडा आणि वरच्या बाजूने टी-नट हातोडीने ठोकून पृष्ठभागाशी सपाट बसवा. खालून एम८ चे बोल्ट स्प्रिंग वॉशर घालून आवळा. ३६ मिमी जाड फळीत ४० मिमीचा बोल्ट वर डोकावत नाही, त्यामुळे पेटी फळीवर सपाट बसते. सरळ चाकं दोन्ही डाव्या बाजूला आणि फिरती दोन्ही उजव्या बाजूला लावा, म्हणजे उजवीकडून धरून पेटी हातगाडीसारखी नेता येते. चारही फिरती लावली तर भरलेली पेटी कुठे वळेल याचा भरवसा नसतो.

चाकं घेताना एकूण वजन चाराने भागू नका, तिनाने भागा. आपल्याकडच्या फरशा कधीच इतक्या सपाट नसतात की चारही चाकं सारखी टेकतील, बाल्कनीत तर पाण्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. शंभर किलोची पेटी असेल तर एका चाकावर पस्तीस किलो धरा आणि निदान पन्नास किलोची क्षमता लिहिलेलं चाक घ्या.

आता पेटी फळीवर चढवायची. पेटीच्या आतल्या तळाला १२ मिमी प्लायच्या पट्ट्या चारही कडांनी ठेवा, म्हणजे पत्रा दोन प्लायच्या मध्ये चिमटीत येईल. काही पेट्यांना पूर्ण तळ नसतो, फक्त आत वळवलेली वीस-पंचवीस मिमीची कड असते, तिथेही हीच पट्टी कडेवर बसते. खालचा खण पट्टीला घासत नाही ना ते आधी बघून घ्या. मग पट्टी, पत्रा आणि फळी यांतून ६.५ मिमीची आरपार भोकं पाडून आठ एम६ बोल्ट घाला. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी पुढच्या चौकटीचे कर्ण पुन्हा मोजा. फरक दिसला तर एका कोपऱ्याखाली जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची घडी सारा, कर्ण जुळले की आवळा. पेटी एकदा वाकडी आवळली गेली की पुढचा कुठलाच खण सरळ चालत नाही.

खण: आहे त्याला सुधारणं

आधी वरच्या हलक्या खणांचं उरकून घेऊ. खण काढा, धावपट्टीवरचे रंगाचे थेंब कानशीने साफ करा, वाकलेली कड पक्कडीने सरळ करा, आतल्या धारदार कडांवरून पॉलिश पेपर फिरवा. मग धावपट्टीवर साधी पांढरी मेणबत्ती घासा. तेल किंवा ग्रीस लावू नका. लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा कीस त्यात बसून पंधरा दिवसांत काळी पेस्ट होते. मेणावर धूळ फारशी चिकटत नाही.

प्रत्येक खणाच्या तळाला ६ मिमी प्लाय बसवा. माप आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला १ मिमी कमी ठेवा आणि दोन्ही बाजूंना रंगाचा एक-एक हात देऊन वाळवा. इथे फेविकॉल उपयोगाचा नाही. तो लाकडात मुरून धरतो, पत्र्यात मुरायला जागाच नसते. रबर बेस सोल्यूशन पत्र्याला आणि प्लायला दोन्हीकडे लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मग दाबायचं. एकदा टेकलं की हलवता येत नाही, म्हणून मागची कड आधी टेकवून पुढे झोपवत आणा. चार कोपऱ्यांत वॉशर घालून चार रिव्हेट मारले की झालं. हा साधा तुकडा खणाची झोळ जवळजवळ पूर्ण घालवतो, आणि सगळ्या कामात सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फायदा इथेच आहे.

खण: खालच्यासाठी टेलिस्कोपिक चॅनल

बाजारात सहज मिळणारं टेलिस्कोपिक चॅनल ४५ मिमी उंच आणि साधारण १२.७ मिमी जाड असतं, आत गोळ्या असतात, आणि एका जोडीवर ३५ ते ४५ किलोची क्षमता लिहिलेली असते. लांबी इंचात मिळते: १२, १४, १६, १८ अशी. ४५० मिमी खोल पेटीत आत साधारण ४३० मिमी मिळतात, म्हणून १६ इंची, म्हणजे ४०६ मिमीचं बसतं. १८ इंची बसत नाही.

आता दुकानातून लिहून आणलेली ती फट बघा. दोन्ही बाजूंना १३-१३ मिमी असेल तर तुम्ही नशीबवान, जुनाच खण चॅनलवर चढवता येईल. बहुतेक पेट्यांत ती सहा-आठच असते. अशा वेळी खणाच्या बाजू ठोकून आत दाबायचा उद्योग करू नका. सगळ्यात खालचा खण काढून ठेवा आणि त्याच्या जागी प्लायचा नवीन करा. ऐकायला मोठं वाटतं, पण पाच फळ्यांची पेटी आहे ती.

आधी अस्तर. पेटीच्या बाजूच्या पत्र्याला आतून १२ मिमी प्लाय लावायचा, कारण चॅनलचे स्क्रू नुसत्या पत्र्यात टिकत नाहीत. पेटीच्या पुढच्या चौकटीला पत्र्याची आत वळवलेली कड असते. अस्तराची जाडी तेवढीच हवी, म्हणजे चॅनल त्या कडेशी सपाट येईल. कड जास्त रुंद असेल तर ६ मिमीची आणखी एक पट्टी घाला. अस्तर सोल्यूशनने चिकटवून बाहेरून १२ मिमीचे चपट्या डोक्याचे स्क्रू शंभर-शंभर मिमीवर मारा.

माझ्या पेटीचं उदाहरण देतो. आतली रुंदी ६४० मिमी. दोन्ही बाजूंचं अस्तर मिळून २४ गेले, उरले ६१६. दोन चॅनलची जाडी आणि थोडी मोकळीक मिळून २६ गेले. नवीन खणाची बाहेरची रुंदी ५९०. हे माप एक मिलिमीटरने कमी झालं तर चालतं, जास्त झालं तर चॅनल घट्ट होऊन गोळ्या खरवडतात. म्हणून कापायला देण्याआधी पुढची, मधली आणि मागची अशी तीन ठिकाणची रुंदी मोजा आणि त्यातली सगळ्यात कमी धरा.

खणाच्या बाजू १२ मिमी प्लायच्या, फेविकॉल आणि स्क्रूने जोडलेल्या. तळ ६ मिमीचा, खालून चिकटवून स्क्रू मारलेला. वीस किलोच्या वर वजन जाणार असेल तर तळ ९ मिमीचा घ्या. दर्शनी फळी उघाडीपेक्षा चारही बाजूंनी २ मिमी लहान ठेवली, तिला पेटीच्या रंगाचा ऑइल पेंट दिला आणि जुन्या खणाचं हँडल काढून लावलं. लांबून फरक कळत नाही.

चॅनल बसवताना नवशिक्याची खरी पंचाईत होते ती दोन्ही बाजूंची उंची जुळवताना. पेन्सिलने खुणा करू नका. प्लायची एक पट्टी हव्या त्या उंचीला कापा, ती तळावर उभी धरा, तिच्यावर चॅनल टेकवा आणि स्क्रू मारा. मग तीच पट्टी दुसऱ्या बाजूला. मोजायचंच नाही, त्यामुळे चुकायचंही नाही. चॅनलची आतली पट्टी काळा प्लास्टिकचा खटका दाबला की सुटते, ती खणाला लागते. आधी फक्त लांबट भोकांत स्क्रू मारा, खण चढवून दहा वेळा आत-बाहेर करा, घासत असेल तर सैल करून सरकवा, आणि सगळं जुळल्यावरच गोल भोकांत पक्के स्क्रू मारा. स्क्रू अर्ध्या इंचाचेच घ्या. पाऊण इंची स्क्रू १२ मिमीच्या प्लायमधून पलीकडे निघून पेटीच्या लाल पत्र्याला बाहेरून टेंगूळ आणतो.

पत्र्याला भोकं पाडायची सगळी कामं चॅनल चढवण्याआधी संपवा आणि कीस ब्रशने झाडून काढा. लोखंडाचा एक कण गोळ्यांत गेला तरी खण कायमचा करकरतो. प्रत्येक उघड्या भोकाला प्रायमरचा ठिपका द्या, गंज तिथूनच सुरू होतो.

वरची फळी

पेटीच्या माथ्यावर १८ मिमी प्लाय, त्यावर सनमायका, आणि मागे व दोन्ही बाजूंना ६ मिमी उंच पट्टी, म्हणजे स्क्रू घरंगळून मागे पडत नाहीत. माथ्याच्या पत्र्याखाली आतून १२ मिमीच्या दोन पट्ट्या घेऊन बोल्ट आवळा. पुढची कड उघडी ठेवा, तिथून भुसा झाडता येतो.

या फळीवर शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा व्हाइस, बसवायचा मोह होतो. बसवू नका. शेगड्यात धरलेल्या वस्तूवर हातोडीचा घाव पडतो किंवा कानस चालते, तेव्हा तो आडवा जोर पेटीच्या बाजूंवर येतो आणि आपण जपून जुळवलेले कर्ण पुन्हा बिघडतात. शेगडा स्वतंत्र, जड टेबलावरच हवा.

आतली मांडणी

माझे काका भोसरीत टूलरूममध्ये फिटर होते. त्यांच्याकडे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची रंगवलेली आकृती असे. संध्याकाळी फळीकडे एक नजर टाकली की कुठला पाना परत आलेला नाही ते दिसायचं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांनी फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत, केली आहे त्यांना ही शॅडो बोर्डची पद्धत माहीत आहे. खणात तेच काम दोन रंगांच्या फोमने होतं: खाली ५ मिमीचा पिवळा किंवा लाल ईव्हीए फोम, वर १५ मिमीचा काळा. काळ्यात हत्याराच्या आकाराचं भोक कापलं की जागा रिकामी असताना खालचा रंग डोळ्यांत भरतो.

कापायची घाई मात्र करू नका. आधी आठ दिवस सगळं नुसतं खणांत ठेवून वापरा. कुठला खण दिवसातून पाच वेळा उघडता, कशासाठी वाकावं लागतं, हे आठ दिवसांत कळतं आणि मांडणी निदान एकदा तरी बदलते. माझी दोनदा बदलली. रोजची हत्यारं कमरेच्या उंचीच्या खणात यावीत. व्हर्नियर, गुण्या, पट्टी, सेंटर पंच वरच्या उथळ खणात. जड सगळं खाली.

मग हत्यारं फोमवर मांडून पेन्सिल सरळ उभी धरून आकृती काढा. ब्लेडचा कटर नवीन पात्याचा घ्या, एका दमात आरपार न कापता तीन-चार हलक्या रेघांत कापा. प्रत्येक हत्याराच्या मध्यावर बोट जाईल एवढी अर्धगोल खाच ठेवा, नाहीतर पाना निघता निघत नाही.

माझं मत असं की फोम फक्त दोनच खणांना कापावा: मोजमापाच्या आणि पान्यांच्या. पान्यांचा संच ठरलेला असतो, ६-७ पासून ३०-३२ पर्यंत बारा पाने, त्यात भर पडत नाही. त्यातही दुचाकीच्या कामाला १०, १२ आणि १४ सारखे लागतात, ते पुढच्या कडेला ठेवा. बाकी खणांत हत्यारं येत-जात राहतात. तिथे ६ मिमी प्लायच्या पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या की हवे तसे कप्पे होतात आणि उद्या मोडून वेगळेही करता येतात.

गादीचा स्पंज, मखमल किंवा जुनं ब्लँकेट खणात घालू नका. हे सगळं हवेतली ओल धरून ठेवतं आणि हत्याराला खालून गंज चढतो. ईव्हीए फोम बंद छिद्रांचा असतो, पाणी पीत नाही. टेबलावर अंथरायचं मऊ प्लास्टिकही नको, काही महिन्यांत ते हत्यारांच्या प्लास्टिकच्या मुठींना चिकटतं.

किरकोळ स्क्रू, वॉशर, फ्यूज यांच्यासाठी विकतचे प्लास्टिकचे डबे आणण्याआधी स्वयंपाकघरात बघा. जुना मिसळणाचा डबा, सात वाट्यांचा स्टीलचा, या कामाला अगदी चपखल आहे. अख्खा डबा उचलून कामाच्या जागी नेता येतो आणि झाकण असल्याने सांडत नाही. खणाची उंची मात्र आधी मोजून घ्या.

पावसाळा

हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती त्याहून वरच असते. मुंबई, कोकण, गोव्यात त्यात समुद्राच्या मिठाची भर. हाताचा घामही खारट असतो. ज्या पान्यावर बोटांचे ठसे राहिले, त्यावर आठवड्याभरात त्याच ठशांच्या आकाराचा गंज दिसतो.

म्हणून हत्यार ठेवताना पुसून ठेवायचं. खणात एक सुती फडकं ठेवा, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब. खायचं तेल वापरू नका, ते हवेत चिकट होत जातं आणि धूळ धरतं.

बंद खणांत व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणाऱ्या कागदाचे तुकडे ठेवा. वाहनांचे सुटे भाग पॅक करायला कारखान्यांत हाच कागद वापरतात. त्यातून निघणारी वाफ धातूवर अतिशय पातळ थर धरते. पण खण बंद राहिला तरच ती टिकते, म्हणून खणाच्या मागच्या आणि वरच्या फटींना दार-खिडक्यांची फोमची चिकटपट्टी लावा. सिलिका जेल वापरत असाल तर नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. ओलीने रंग बदलला की दाणे साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मात्र ते ठेवू नका, त्यासाठी वेगळी सोय करा.

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात ती भिंत गार आणि दमट असते. चार बोटं जागा सोडा.

हलवताना आणि नंतर

स्वस्त पेटीचं कुलूप सगळे खण धरतंच असं नाही. चॅनलवरचा भरलेला खण तर उतारावर आपणहून बाहेर येतो. कपाटाच्या दाराला लावतात ते छोटं मॅग्नेट प्रत्येक जड खणाच्या मागे बसवा आणि पेटी हलवण्याआधी कुलूप लावायची सवय ठेवा. घरात लहान मुलं असतील तर एवढ्यावर थांबू नका. मुलं उघड्या खणांवर पायऱ्यांसारखी चढतात, आणि आपण केलेल्या हिशेबात त्यांचं वजन धरलेलं नाही. भिंतीत ८ मिमीचा फास्टनर घालून त्याला हूक लावा, पेटीच्या मागच्या वरच्या पट्टीला आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट), आणि मध्ये आखूड साखळी. पेटी न्यायची तेव्हा साखळी काढायची.

पंधरा दिवसांनी सगळे खण काढून तळाचे आठही बोल्ट आणि चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा. नवीन प्लाय वॉशरखाली थोडा दबतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल होतातच. पुढे वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी हेच करा. त्याच दिवशी व्हीसीआय कागद बदला आणि धावपट्ट्यांवर पुन्हा एकदा मेणबत्ती फिरवा.